धुरपताबाईंकडची सायकल

आजकाल पोस्टकार्ड येतं कुणाला? म्हणून नांदेडच्या पाणीपुरवठा कार्यालयात ते आलं, तेव्हा अश्वजित बनसोडेच्या टेबलावर पोहोचायच्या आधी चार जणांचं वाचून झालं होतं. शिपायानं वाचलं, आवक-जावकच्या बाईंनी वाचलं, त्यांच्याशी गप्पा मारायला आलेल्या दोन ठेकेदारांनीही वाचलं. अक्षर मोठं, गोल आणि ओळीवर नीट बसवलेलं. मजकूर एवढाच:

'चि. अश्वजित साहेबराव बनसोडे यास धुरपताबाईचा जय भीम. मी या महिन्याच्या ३१ तारखेला सेवानिवृत्त होत आहे. तुमची सायकल माझ्याकडे आहे. ती घेऊन जावी. न विसरता यावे.'

"साहेब, कुठली सायकल?" शिपायानं विचारलं. अश्वजित एकोणचाळीस वर्षांचा, इंजिनिअर, हाताखाली माणसं असलेला. पण त्या प्रश्नानं त्याचे कान तापले. "आहे एक जुनी," म्हणून त्यानं पोस्टकार्ड ड्रॉवरमध्ये टाकलं.

ती सायकल त्याच्या वडिलांनी घेतलेली. साहेबराव गुरुजी शिरूर अनंतपाळजवळच्या करडवाडीत प्राथमिक शिक्षक होते. पोरगा दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाला, पुढं लातूरला शिकायला जाणार, म्हणून त्यांनी लातूरच्या गंजगोलाईतून लाल रंगाची, जाड टायरची, गेअरची सायकल घेतली. डोंगरात चालवायची सायकल, असं दुकानदारानं सांगितलं होतं. इथपर्यंत सगळं झकास. पण गुरुजी सायकल घेऊन तडक भांड्याच्या दुकानात गेले. आपल्याकडं लग्नात, वास्तूत दिलेलं साधं फुलपात्रसुद्धा बिननावाचं जात नाही, मग एवढी मोठी वस्तू कशी जाईल? भांड्यांवर नावं घालणारा म्हणाला, गुरुजी, मी पातेल्यावर लिहितो, सायकलवर नाही. गुरुजी म्हणाले, धातूच आहे ना? लिही. त्यानं मशीन लावून दांड्यावर ठिपक्याठिपक्यांनी सबंध मजकूर कोरला: 'चि. अश्वजित यास दहावीतील उज्ज्वल यशाबद्दल वडिलांकडून सप्रेम भेट.' खाली तारीख.

होस्टेलच्या पोरांनी पहिल्याच दिवशी तो मोठ्यानं वाचून काढला. दोन वर्षं अश्वजितला त्याच्या नावानं कुणी हाक मारली नाही. "ए सप्रेम भेट, चल की चहाला!" त्यानं त्या अक्षरांवर क्रिकेटचे स्टिकर चिकटवले. नांदेडला इंजिनिअरिंगला नंबर लागला तेव्हा सायकल घेऊन जायचा विचारसुद्धा त्याच्या मनात आला नाही. दोन वर्षं ती लातूरला एका नातेवाइकाच्या जिन्याखाली पडून होती. मग दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात वडिलांनी विचारलं, सायकलचं काय करू? तो म्हणाला, देऊन टाका कुणालाही. वडील म्हणाले, बरं.

त्यांनी ती धुरपताबाईला दिली. धुरपताबाईचा नवरा करडवाडीचा डाकसेवक होता. तो त्याच वर्षी वारला आणि त्याची नोकरी तिला मिळाली. सकाळी फाट्यावर जाऊन टपालाची थैली आणायची आणि चार वाड्यांमध्ये वाटायची. तिचा नवरा हे सगळं पायी करायचा आणि त्यातच त्याचे पाय गेले होते.

एवढं अश्वजितला ठाऊक होतं. पुढं वडील गेले, आई तर आधीच गेली होती, गावचं घर बंद झालं आणि सायकल तो साफ विसरला.

संध्याकाळी त्यानं बायकोला कार्ड दाखवलं. रेणुकानं ते दोनदा वाचलं.

"आणून ठेवणार कुठं? गॅलरीत वॉशिंग मशीन आहे."

"ठेवू कुठंतरी."

"आणि लोक काय म्हणतील? बाई रिटायर झाली नाही तोच साहेब सायकल काढून घ्यायला आले. जाऊन सांग, तुम्हीच ठेवा. बोल चार गोड शब्द आणि ये."

तिचं चुकत नव्हतं. पण अश्वजितला रात्रभर एक गोष्ट टोचत राहिली. वडिलांचं त्याच्यापाशी काही उरलं नव्हतं. एक घड्याळ होतं, ते बंद. दोन फोटो. आणि वडिलांनी त्याच्याविषयी जे काही एकदाच लिहून ठेवलं होतं ते त्या लाल दांड्यावर, आणि त्यावर त्यानं स्वतःच्या हातानं स्टिकर चिकटवलेले. त्याला ती सायकल हवी होती. हे रेणुकाला सांगायची त्याला लाज वाटली.

एकतीस तारीख शुक्रवारी होती. तो रविवारी निघाला. चाकूरला गाडी बदलली आणि फाट्यावर उतरला तेव्हा अकरा वाजले होते. सायकल आणावी की देऊन टाकावी, वाटेत त्यानं दोन्ही बाजूंची उजळणी केली. बाईंचा चेहरा बघून ठरवू, असं शेवटी ठरलं.

फाट्यावर अमृतरावचं सायकलचं दुकान आहे. म्हणजे आता ते मोटारसायकल पंक्चरचं दुकान आहे, पण अमृतराव स्वतःला सायकलवालाच म्हणवतो. त्यानं अश्वजितला खालीवर न्याहाळलं.

"गुरुजीचं पोरगं का? नाकावरून वळखू आलास. सायकल न्यायला आलास व्हय?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"साऱ्या शिवाराला म्हाईत हाय. बस, चहा घे."

चहा येईपर्यंत आणि प्यायल्यानंतरही अमृतराव बोलत राहिला. पंचेचाळिसाव्या वर्षी धुरपताबाई सायकल शिकली. शाळेच्या मैदानावर, पहाटे, माणसं उठायच्या आत. पुरुषी सायकल, मधे आडवा दांडा. पण बाईचं नऊवारी लुगडं, कासोटा घातलेला, त्यामुळं टांग टाकायला अडचण नव्हती. अडचण होती ती बघणाऱ्यांची. पहिल्या महिन्यात ती चौदा वेळा पडली असं अमृतराव सांगतो, आणि पडल्यावर ती आधी थैली बघायची, मग कोपर.

"आन् ते चतुराबाईचं तर तुला ठावं नसंल," तो म्हणाला. "पल्याडच्या वाडीत ऱ्हाती. शेतात एकटीच. निराधारचे पैसे आता पोस्टात येतात, मशीनवर अंगठा द्यावा लागतो. म्हातारीनं जलमभर खुरपं धरल्यालं, अंगठ्यावर रेघच राह्यली न्हाई. मशीन घेईना. दुसरा कुणी असता तर म्हणला असता, जा तालुक्याला. ही बाई रोज जायाची. सकाळी अंगठा मऊ असतो म्हणून सकाळी जायाची, त्येल लावून बघायची, कोमट पाण्यात बुडवून बघायची. अकरा दिवस गेली. बाराव्या दिवशी उठला अंगठा. त्या दिवशी दोघी मिळून रडल्या म्हणं."

खेडोपाडी पाणी पोहोचवणं हेच अश्वजितचं काम, आणि अकरा दिवस एका घरासाठी त्यानं काय केलं असतं हे त्याला चांगलं ठाऊक होतं. त्यानं फाइलवर शेरा मारला असता.

"दुरुस्ती मीच केली आजवर," अमृतराव म्हणाला. "लातूरहून सामान मागवायचो. बाईचा हुकूम एकच, जसं व्हतं तसंच बसीव. जरा इकडचं तिकडं झालं की परत खोलायला लावायची. आता जा. खिंडीतून जा, जवळ पडंल. चढ हाय, पण बाई हितून रोज दोन टायम जायाची. उतरून ढकलल्याली म्या तर कधी पाह्यली न्हाई."

खिंड अश्वजितच्या लहानपणी एवढी उभी नव्हती, निदान त्याला तसं वाटलं. तो दोनदा बसला. दुसऱ्यांदा बसला तेव्हा आजूबाजूला नजर टाकून, कुणी बघत नाही ना याची खात्री करून घेतली. पलीकडं उतारावर ज्वारी उभी होती, हरभरा हिरवागार होता आणि पायथ्याच्या थोडं पुढं करडवाडीचं पहिलं घर. तेच धुरपताबाईचं.

ती अंगणात वाट बघत होती. बारीक, काळीसावळी, पांढरे केस घट्ट बांधलेले. पोटऱ्या मात्र एखाद्या पैलवानाच्या असाव्यात तशा. तिनं त्याला बघून हात जोडले.

"जय भीम, मावशी."

"जय भीम बाळा. आलास, बरं झालं. मला धाक व्हता, कार्ड पोचतं का न्हाई." आणि स्वतःच हसली. "म्हणजे पोचंल हे म्हाईत व्हतं. पोचल्यावर तू येतोस का न्हाई, हा धाक."

सायकल ओसरीत उभी होती, गोधडीवर. खरोखर, खाली घडी घातलेली गोधडी होती. अश्वजित जवळ गेला आणि थांबला. लाल रंग बऱ्याच ठिकाणी उडाला होता, पण जिथं उडाला होता तिथं गंज नव्हता, तेलाचा हात फिरून फिरून धातू काळपट चकचकीत झाला होता. सीटला नवं रेक्झिन. हँडलला कापड गुंडाळून शिवलेलं. आणि दांड्यावर स्टिकर नव्हते. ठिपक्यांची अक्षरं नवी कोरल्यासारखी लखलखत होती.

"चिकटपट्टीखाली काय हाय म्हणून बघितलं, तर नाव," धुरपताबाई म्हणाली. "नाव झाकलं तर चीज कुणाची ते कळावं कसं? म्हणून काढून टाकलं. दर आयतवारी राखंनं घासत आले."

अश्वजितनं अक्षरांवर बोट फिरवलं. उज्ज्वल यशाबद्दल. वडिलांकडून. ज्या शब्दांची त्याला लाज वाटली होती ते शब्द एका परक्या बाईनं दर रविवारी उजळून ठेवले होते. त्याला आपलीच घृणा आली, आणि त्याच्या कितीतरी पट त्या बाईंचं नवल वाटलं. एवढ्या वर्षांत किती रविवार झाले याचा हिशेब करायचं धाडस त्याला झालं नाही.

मग तिनं आतून एक पोतं ओढत आणलं. पोत्याचं तोंड सोडलं तर आत टायर. गुळगुळीत झालेले, फाटलेले, बाजूनं उसवलेले. साखळ्या, घासून दात गेलेली चाकं, पॅडलचे तुकडे, ब्रेकच्या रबरांची एक पिशवी, जुन्या सीटची स्प्रिंग.

"हे तुझं सामान. झिजलं तसं बदललं, पण टाकलं न्हाई. माझी असती तर भंगारात दिलं असतं. बघून घे."

तो पोत्यापाशी उकिडवा बसला. सगळ्यात खाली जो टायर होता तो त्यानं ओळखला. लातूरला त्यावर त्यानं पांढऱ्या रंगानं एक रेघ मारली होती. त्याच्यावर बाकीचे एकावर एक. एका बाईनं चार वाड्यांची माती चाकाखाली घालून झिजवलेले. असं काही आपण पाहू असं त्याला वाटलं नव्हतं. बसमध्ये घोकलेली गोड वाक्यं आठवली ती आता फार हलकी वाटली. तरी तो म्हणाला, कारण दुसरं काही येत नव्हतं.

"मावशी, ही तुमचीच आहे. बाबांनी तुम्हाला दिली होती. कायमची."

"न्हाई. मी इचारलं व्हतं. गुरुजी, कायमची का वापरायला? गुरुजी म्हणले, वापरा हो. 'घ्या' न्हाई म्हणले."

"अहो, ते बोलायची पद्धत. मीच त्यांना सांगितलं होतं देऊन टाका म्हणून."

"मग तू लिहून द्याचं व्हतंस." ती अगदी शांतपणे म्हणाली. "मी नौकरीला लागले त्या दिवशी वरच्या सायबानं एकच गोष्ट सांगितली, ज्याच्या नावाचं त्याच्या हातात. शेजाऱ्याच्या न्हाई, भावाच्या न्हाई. हिच्यावर तर तुझं नाव कोरल्यालं हाय. साऱ्यांचं साऱ्यांला देऊन झालं, शुक्रवारी थैली बी जमा केली. एवढं एक ऱ्हायलंय माझ्याकडं."

"बरं, मग आता मी सांगतो. माझं नाव आहे ना? मी तुम्हाला देतो. घ्या."

धुरपताबाई पहिल्यांदा रागावली. आवाज चढला नाही, पण ती उठून उभी राहिली.

"आन् मग मी जपलं ते? एकोणीस वर्सं मी लोकाची चीज हाय म्हणून जपली. पावसात आधी हिला ओसरीत घेतलं, मग मी आत गेले. आता तू घ्या म्हणलास की त्याचं झालं काय? उद्या गाव म्हणंल, सायबानं धुरपताला सायकल दिली. चांगला हाय गुरुजीचा पोरगा. देणारा तू झालास, बाळा, आन् मी घेणारी. माझा जलम दुसऱ्याचं आणून देण्यात गेला. आता शेवटाला माझा हात पसरायला लावू नको."

बाहेर कुणाचीतरी शेळी ओरडत होती. अश्वजित मान खाली घालून उभा राहिला. सायकल परत घ्यावी की नाही हा प्रश्न तो नांदेडपासून डोक्यात घेऊन आला होता, आणि आपण तो केवढ्या उदारपणे सोडवणार आहोत याचा थोडा गर्वही त्याला होता. इथं येऊन त्याला कळलं की या घरात द्यायचा अधिकार त्याच्याकडं नव्हताच. बाईनं तो कमावला होता, आणि त्याला फक्त घेणं जमलं तर जमवायचं होतं.

"घेतो, मावशी," तो म्हणाला. "माझी आहे. घेऊन जातो."

तिचा चेहरा असा उजळला की त्याला रडू आवरेना. तिनं तिकडं लक्ष दिलं नाही. आतून शाळेची वही आणली, एका पानावर 'लाल सायकल एक, जुने सामान पोते एक, मिळाले' असं आधीच लिहून ठेवलं होतं. त्याच्या हातात पेन दिलं. त्यानं सही केली, तारीख घातली. तिनं सही डोळ्याजवळ धरून वाचली, अक्षर अक्षर, आणि वही मिटली.

"सुटले," ती म्हणाली.

मग जेवण. ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, लसणाचा ठेचा. निघताना तिनं पोतं स्वतः कॅरिअरला बांधलं. त्याला हात लावू दिला नाही, तुला गाठ येत न्हाई म्हणाली. दुसऱ्याचं भांडं आपल्याकडून रिकामं जात नाही, मग सायकल कशी जाईल? हँडलला एका बाजूला हरभऱ्याच्या ढाळ्यांची जुडी आणि दुसऱ्या बाजूला तुरीच्या डाळीची पिशवी.

"सूनबाईला सांग, डाळ घरची हाय."

"तुम्हाला आता हिच्याशिवाय...?" त्याला पुढचं विचारवेना.

"पाय हायत की," ती म्हणाली. मग सीटवर एकदा हात ठेवला, काढून घेतला. "मी हाय तशी ठिवली हाय, बाळा. तुझं काय बी हलीवलं न्हाई. बस."

तो बसला. घरापासून खिंडीच्या पायथ्यापर्यंत सपाट वाट आहे. सायकल निघाली ती सरळ, एकही आवाज न करता, आणि मधली सगळी वर्षं गळून पडली. लातूरच्या रस्त्यावर पोरांना मागं टाकत तो अशीच हाणायचा. त्याला मोठ्यानं हसावंसं वाटलं.

चढ सुरू झाला आणि पॅडल अडलं. तो उभा राहिला, सगळं वजन टाकलं. सायकल दोन हात सरकली आणि थांबली. ब्रेक घासतोय का? त्यानं उतरून बघितलं. ब्रेक मोकळे होते, चाक फिरत होतं. मग त्याची नजर साखळीकडं गेली आणि तिथून हँडलवरच्या गेअरच्या खटक्यांकडं.

सायकल सगळ्यात जड गेअरमध्ये होती. तो गेअर सपाट रस्त्यावर पळवायचा असतो. चढ आला की खटका दाबायचा, साखळी मोठ्या चक्रावर जाते आणि पॅडल लोण्यासारखं फिरतं. लहान पोरालाही कळतं, पण आधी कुणीतरी सांगावं लागतं. शेवटच्या दिवशी लातूरच्या रस्त्यावर पळवून त्यानं ती जिन्याखाली लावली होती, तेव्हा खटके जिथं होते तिथंच ते अजून होते. गुरुजींना सायकल येत नव्हती. अमृतराव जसं होतं तसंच बसवत आला. आणि धुरपताबाईनं त्या खटक्यांना कधी बोट लावलं नव्हतं, कारण ते दुसऱ्याचे होते.

अश्वजितनं वर खिंडीकडं पाहिलं. रोज दोनदा, थैलीसकट, उन्हाळ्यात, चिखलात, पंचेचाळिसाव्या वर्षापासून पासष्टाव्यापर्यंत. या गेअरवर. ही खिंड.

त्यानं खटक्यावर अंगठा ठेवला. एकदा दाबला असता तर तो आरामात वर गेला असता. त्यानं मागं पाहिलं. ती अजून वाटेवर उभी होती, कपाळावर हात धरून, सायकल खिंडीपार होईपर्यंत बघायला. हलकेच चढत गेलेला तो तिला इथून स्वच्छ दिसला असता आणि दिसल्यावर तिनं विचारलंच असतं.

त्यानं अंगठा काढून घेतला. पुन्हा टांग टाकली, दात आवळून दहा-पंधरा हात गेला, आणि पार दम निघाल्यावर खाली उतरून सायकल ढकलू लागला. छाती भात्यासारखी चालली होती.

मागून तिची हाक आली. तोंडाला दोन्ही हात लावून, हसत, अगदी समजूत घातल्यासारखी ती ओरडत होती:

"हुईल रं सवय! पयलं वरीस मला बी लई जड गेलं व्हतं!"